मोरतळ्याचा गावफोटो

मोरतळ्याच्या तळ्याला अजून कठडा नव्हता आणि गावात कुणीच आपला चेहरा कागदावर पाहिला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नक्की किती जुनी ते म्हाताऱ्यांना विचारू नका. जो तो आपल्या बापाला त्यात घुसडतो आणि त्या हिशेबाने गोष्ट पुढेमागे सरकवतो.

त्या काळी गावात लहानू जिनगर राहायचा. जिनगर म्हणजे घोड्यांची खोगिरं शिवणारे. पण घोडे संपले, खोगिरं संपली, आणि लहानूचा बाप हातात नुसती रापी धरून दारात बसायला लागला. रापी म्हणजे चामडं तासायची रुंद पात. ती मात्र तो रोज धार लावून ठेवायचा. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

एका जत्रेला एक फिरता फोटोवाला आला. गाडीत तीन पायांची लाकडी पेटी, पुढे झाकण लावलेला काचेचा डोळा, मागे काळं फडकं. आला आणि तापाने आडवा झाला. मोठ्या घरांनी दारं लावून घेतली, कारण तो कोण, कुठला, कुणाच्या हातचं खाणारा, हे आधी ठरायचं होतं. ते ठरेपर्यंत लहानूच्या आईने त्याला आपल्या छपरात आणून पेज पाजलीसुद्धा होती. बरा झाला तेव्हा त्याने पेटी लहानूच्या पुढ्यात ठेवली, तिचा वापर शिकवला आणि पायी निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "झाकण काढायच्या आधी बघत जा, कोण राहिलंय ते." असं म्हणतात.

त्या पेटीची एक गंमत होती. फडक्याखाली डोकं घातलं की मागच्या काचेवर समोरचं सगळं दिसायचं, पण उलटं. पाणी वर, आभाळ खाली. पागोट्यांवर उभी राहिलेली माणसं. सगळ्याच पेट्यांत तसं दिसतं. पण लहानूला त्या उलट्या गावात रिकाम्या जागाही दिसायच्या. जिथे कुणीतरी असायला हवं होतं आणि नाही, तिथे काच थरथरायची, असं म्हणतात.

म्हणून त्याने गावफोटो सुरू केला. दर वर्षी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, तळ्याच्या पायऱ्यांवर अख्खं गाव. लहानू फडक्याखाली जायचा आणि आतून ओरडायचा, "कोण राहिलं?"

"कुंभाराची म्हातारी राहिली!" की चार जण पळायचे आणि म्हातारी बाजेसकट यायची.

"आमचा दगडू राहिला, पलटणीत हाय!" मग दगडूचं जुनं पायताण पायरीवर ठेवलं जायचं, बायकोच्या शेजारी.

लहानूला आता सगळे मास्तर म्हणायचे. पहिल्या वर्षी म्हाताऱ्यांनी खुर्च्या आणवल्या. "मास्तर, आम्हाला फुडं बसवा."

"बसवतो की. पण पेटीत तुम्ही खाली डोकं वर पाय दिसता. खुर्चीत बसलात की धोतराचं काय होतं, ते मी सांगत नाही."

सगळ्या पायऱ्या हसल्या. खुर्च्या परत गेल्या. तेव्हापासून गावफोटोत जो जसा येईल तसा बसायचा. तेल्याचा गुडघा देशमुखाच्या पाठीला आणि खालच्या आळीतलं पोर कुणाच्याही मांडीवर. वर्षातून एक सकाळ.

पण चांगली गोष्ट दिसली की तिची काठी करायची, ही आपल्या म्हाताऱ्यांची जुनी खोड. पारावर बसून त्यांनी नियम करून टाकला, गावफोटोत नाही तो गावातला नाही. लहानूला कुणी विचारलं नाही. त्याच्या फोटोवर ते न्यायनिवाडा करायला लागले. हा फोटोत आहे, याला तळ्याचं पाणी. तो नाही, त्याला नाही.

या म्हाताऱ्यांचा पुढारी होता हैबती शितोळे. आवाज मोठा, मिशी मोठी, आणि मंजुळा नावाची एकुलती एक लेक. ही मंजुळा गावफोटोतच वाढली. तेव्हा फोटो आधी काचेवर उतरायचा, मग कागदावर. पहिल्या काचेत ती हैबतीच्या मांडीवर, दुपट्यात. पुढे त्याच्या खांद्यावर. मग त्याचं बोट धरून उभी. माणूस लेकीवर जीव टाकायचा, हे खोटं नाही. पण तो जीव ती त्याचं ऐकेल तोपर्यंतचाच होता.

मंजुळाला खालच्या आळीतला हलगीवाला सटवा आवडला. तिने ते लपवलं नाही. बापाला तोंडावर सांगितलं, सटव्याच्या गळ्यात माळ घातली आणि ओढ्यापलीकडे खोप बांधून राहिली. तिथून तळ्याच्या पायऱ्या दिसायच्या. पायऱ्यांवरून तिची चूल दिसायची. मधे नुसता ओढा.

पारावर म्हातारे जमले आणि ठरलं. ती पुढच्या फोटोत नको, आणि मागच्यांतही नको. ती कधी जन्मलीच नाही. हैबतीने मान डोलावली. मंजुळाची आई द्वारका घरात चूल फुंकत बसली होती. तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हैबती दोन म्हातारे घेऊन लहानूच्या छपरात आला. सगळ्या वर्षांच्या काचा तिथे खोगिराच्या पेट्यांत, गवतात ठेवलेल्या असायच्या.

"मास्तर, मंजी ज्या ज्या काचेत हाय त्या भाईर काढा. खरवडून टाका तिला."

"आबा, मी काढणारा. खरवडणं माझ्या हातून व्हायचं नाही."

"मंग कोण खरवडणार?"

"ज्याला ती नको झालीय त्यानं," लहानू म्हणाला आणि बापाची रापी त्याच्यापुढे ठेवली.

हैबतीने रापी उचलली. माघार घेतली असती तर मागचे दोघे हसले असते, आणि आपल्याकडे माणसं लेकीपेक्षा त्या हसण्याला जास्त भितात. काचेवर माणसं नखाएवढी. तो खाली वाकला आणि त्याने दुपटं खरवडलं. पण दुपट्याभोवती हात होते, त्याचेच. ते सोडून पोर कसं निघणार? त्याने हातही खरवडले. पुढच्या काचेत ती खांद्यावर, म्हणून खांदा गेला. त्याच्या पुढच्या काचेत तिने धरलेलं बोट गेलं.

 लहानूने त्या काचा फोटोच्या कागदावर ठेवल्या आणि उन्हात मांडल्या. हळूहळू कागद तांबूस झाला, पायऱ्या आल्या, पागोटी आली, माणसं आली. आणि जिथे खरवडलं होतं तिथे काळंकुट्ट भोक आलं. हुबेहूब मंजुळाच्या आकाराचं. दुपट्याएवढं, मग खांद्यावर बसलेल्या पोरीएवढं, मग परकरातल्या मुलीएवढं. एवढ्या माणसांत नजर आधी त्या भोकावरच जायची.

मागच्या म्हाताऱ्यांतला एक वाकून बघत म्हणाला, "हैबती, तुजा हात कुठं गेला रं?"

त्या दिवसापासून हैबतीचा उजवा हात गेला, असं म्हणतात. पेला धरवेना, मिशी पिळवेना. वैद्य म्हणाला, हातावरून वारं गेलंय. गाव म्हणालं, रापीने नेला. आणि जी कधी जन्मलीच नव्हती तिचं नाव घराघरांत निघायला लागलं, कारण प्रत्येक पोर त्या काळ्या भोकावर बोट ठेवून विचारायचं, इथं कोण होतं?

तुम्हाला वाटेल आता म्हातारा सुधारेल. गोष्टीतले म्हातारे सुधारतात. हा मोरतळ्याचा होता. हात गेला तरी हेका गेला नाही.

वर्ष सरत आलं. ओढ्यापलीकडे मंजुळाला मुलगी झाली. पलीकडे पाळणा हलताना द्वारकेला अलीकडून दिसायचा, पण ओढा ओलांडायची तिला बंदी होती. तिला एकच हवं होतं, लेक आणि नात गावफोटोत बसलेल्या बघायच्या. कारण फोटोत आली की ती गावात आली. नियम म्हाताऱ्यांचाच होता.

जत्रेआधी ती लहानूच्या दारात गेली. "मास्तर, औंदा तिचं नाव तुम्ही घ्या."

"आक्का, मी नुसतं विचारतो. उत्तर मी दिलं तर ते माझं होईल, गावाचं नाही."

"मला तोंड उघडायची सवय न्हाई वो."

"घाई नाही," लहानू म्हणाला. "मी थांबेन."

गावफोटोचा दिवस आला. अख्खं गाव पायऱ्यांवर. हैबती मधोमध, मेलेला हात मांडीवर ठेवून. लहानू फडक्याखाली गेला. "कोण राहिलं?"

"कुणी न्हाई!" म्हातारे एका आवाजात म्हणाले. "उघडा झाकण."

लहानूने झाकण काढलं नाही. तो नुसता आत थांबला.

पोरं चुळबुळायला लागली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "मास्तर, झोप लागली का आत?" कुणीतरी ओरडलं. फडकं हललं नाही. आणि मग लोकांच्या लक्षात आलं की सावल्याही हलत नाहीत. तळ्याकाठच्या पिंपळाची सावली सकाळी ज्या पायरीवर होती त्याच पायरीवर. ऊन कोवळं ते कोवळंच. पोरांना भूक लागली, भाकऱ्या आल्या, खाऊन झाल्या, तान्ही निजून उठली, तरी सकाळ संपेना. कावळे आभाळात जागच्या जागी, असं म्हणतात. लहानूने विचारलं होतं आणि उत्तर मिळेपर्यंत दिवस पुढे जायला तयार नव्हता.

तेव्हा द्वारका उभी राहिली. पदर सावरला, पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली.

"माजी राहिली," ती म्हणाली.

"खाली बस," हैबती गुरगुरला.

"बसते. पण माजी मंजी राहिली. आन तिची लेक राहिली."

एवढं झालं आणि पायऱ्या बोलायला लागल्या. माझा भाऊ राहिला. आमची नणंद राहिली. आमच्या आळीची आठ घरं नियम झाल्यापासून बोलावलीच नाहीत, ती राहिली. ज्यांना ज्यांना म्हाताऱ्यांनी गावाबाहेर काढलं होतं त्या सगळ्यांची नावं तळ्याच्या पाण्यावर घुमली आणि ओढ्यापलीकडे गेली.

मंजुळा ऐकत होती. पोर काखेला मारून ती निघाली, मागून सटवा. ओढ्यातून चालत आली तरी लुगड्याचा काठ भिजला नाही, असं म्हणतात. आता जत्रेच्या दिवसांत ओढ्याला पाणी किती असणार, ते सोडा. ती आली. बापासमोर उभी राहिली. पायरी गच्च भरलेली. बसायला जागा नाही.

पाच-सहा म्हातारे उठले आणि धोतर झटकत घरी गेले. हैबतीने त्यांच्याकडे बघितलं. लेकीकडे बघितलं. तो रडला नाही, चुकलो म्हणाला नाही, ये म्हणाला नाही. तो नुसता सरकला. वीतभर. तेवढ्यासाठी सूर्य थांबवावा लागला.

मंजुळा त्या वीतभर जागेत अंग चोरून बसली आणि तिने पोर त्याच्या मांडीवर ठेवलं. पोर घसरायला लागलं. आणि तो मेलेला हात उठला आणि पोराभोवती गेला.

"कोण राहिलं?" फडक्याखालून आवाज आला. कुणी काही बोललं नाही. झाकण उघडलं, झाकण लागलं. पिंपळाची सावली एकदम चार पायऱ्या उतरली.

जे उठून गेले ते त्या फोटोत नाहीत. त्यांच्याच नियमाने ते गावातले उरले नाहीत. पण पुढच्या वर्षी कुणी विचारायच्या आत त्यांच्या बायकांनी त्यांची नावं सांगितली, आणि मास्तराने ते येईपर्यंत त्यांच्यासाठीही सकाळ थांबवली. मी नसती थांबवली.

लहानू म्हातारा झाला तरी गावफोटो चुकला नाही. एका वर्षी तो फडक्याखाली गेला, "कोण राहिलं?" म्हणाला, आणि मंजुळाची लेक, आता परकरातली, ओरडली, "मास्तर, तुम्ही राहिलात!" फडकं हललं नाही. बराच वेळ गेल्यावर तिने जाऊन ते उचललं. आत कोणी नव्हतं. काचेवर नुसतं गाव होतं, उलटं, आणि वरच्या पायरीवरची एक जागा थरथरत होती. असं म्हणतात.

त्याचा स्वतःचा फोटो एकही नाही. म्हणून तर चौकात त्याचा पुतळा झाला नाही. म्हाताऱ्यांनी समिती नेमली होती, पण चेहरा कुणाचा लावायचा यावर त्यांची भांडणं झाली. जो तो म्हणे, माझ्या आजोबासारखा दिसायचा.

आता मोरतळं शहर झालंय. तळ्याला कठडा आहे, रंगीत कारंजं आहे, प्रत्येकाच्या खिशात फोटो आहे. पण लग्न असो, शाळेचा वर्ग असो, की चहाच्या टपरीवर काढलेला मोबाइलचा फोटो, मोरतळ्यात बटण दाबायच्या आधी कुणीतरी ओरडतंच, "कोण राहिलं?" आणि सगळे वीतभर सरकतात. जागा लागो न लागो. बाहेरगावचे पाहुणे हसतात. हसू द्या.

म्हातारे याला आपली थोर परंपरा म्हणतात आणि भाषणात सांगतात. हेच म्हातारे अजून पारावर बसून कुणाला काढायचं ते ठरवतात. कारंज्याच्या उद्घाटनालाही त्यांनी पुढे खुर्च्या मांडून घेतल्या होत्या, गळ्यात हार. फोटोवाल्याने रिवाज म्हणून विचारलं, "कोण राहिलं?" रिवाज म्हणूनच म्हातारे म्हणाले, "कुणी नाही."

पायऱ्यांच्या टोकाला झाडू घेऊन सखूबाई उभी होती. पहाटेपासून तिनेच ते सगळं झाडलं होतं.

"मी राहिले," ती म्हणाली.

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला. पिंपळाची सावली जागच्या जागी होती. म्हाताऱ्यांनी एकदा सावलीकडे बघितलं, एकदा एकमेकांकडे. मग खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले.