बाटलीत न मावलेला मुकिंदा

एका गावात एक भोळा कारकून होता. नाव मुकिंदा. भोळा म्हणजे किती भोळा? 'दाराकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर चोर घर धुऊन नेईपर्यंत हा दाराकडेच बघत बसायचा. दार जागेवर आहे ना, मग झालं तर!

तर या मुकिंदाला आरेकर डॉक्टरीणबाईंनी आपल्या बाळंतपणाच्या दवाखान्यात कामाला ठेवलं. काम साधंच. प्रत्येक आजाराला एक नंबर असतो. पेशंटच्या कागदावर तो नंबर घालायचा आणि विमा कंपनीला पाठवायचा. कंपनीला आजार कळत नाही, नंबर कळतो.

मुकिंदाची बायको केसर बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. माहेर गावातच. पण सासूबाई, गजराबाई, भारी खमक्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, आधी दवाखान्यात नीट काम करून दाखवा. तुमच्या हाती लेक आणि नातवंड सोपवण्यात धोका नाही अशी खात्री पटली, तर पाठवीन. नाहीतर दोघं माझ्याकडेच राहतील."

केसरवाचून मुकिंदाला घास गिळवत नव्हता. त्यानं ठरवलं, बाई सांगतील ते अक्षर न् अक्षर करायचं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

एक दिवस साळूबाई नावाची पेशंट आली. तिला पॉलिप झाला होता. म्हणजे आत मांसाचा एक छोटासा कोंब उगवला होता. बहुतेक वेळा साधाच असतो, पण काढून तपासलेला बरा.

बाई म्हणाल्या, "मुकिंदा, पॉलिप कुठं आहे ते नीट बघून नंबर घाल. गर्भाशयात असला तर एक नंबर, त्याच्या तोंडाशी असला तर दुसरा. जागा बदलली की नंबर बदलतो."

"बदलतो," मुकिंदा म्हणाला.

साळूबाई खाटेवर होती. त्यानं एक नंबर घातला. साळूबाई उठून खिडकीशी गेली. त्यानं नंबर खोडून दुसरा घातला. ती संडासला गेली. हा कागद घेऊन मागं. ती ओरडली, "अरे मेल्या, इथं तरी एकटीला सोड!"

"तुम्ही एका जागी बसा की मावशी. तुमच्यापायी माझी शाई संपली."

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. "डॉक्टर, या बाईंना पॉलिप आहेत तरी किती?"

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, बाई हिंडली म्हणून आजार हिंडतो का? झालंय तेवढंच लिही. आणि जे कागदावर नाही ते झालंच नाही, असं कंपनी धरते. ध्यानात ठेव!"

"ठेवलं," मुकिंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी एक बाळंतीण मोकळी झाली. तिचा नवरा दाराशी येरझाऱ्या घालत होता. आतून बाळाचा टॅहँ टॅहँ आवाज आला. तो धावत मुकिंदाकडं आला.

"काय झालं हो? मुलगा की मुलगी?"

मुकिंदानं कागद पाहिला. कोराच होता. "काहीच झालं नाही."

"अहो, रडतंय की आत!"

"रडू दे. कागदावर नाही."

माणूस मटकन खाली बसला. त्याच्या आईनं गळा काढला. पेढेवाला दारातूनच परत गेला. गोंधळ ऐकून बाई बाहेर आल्या आणि त्यांनी बाळ आजीच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा कुठं रडारड थांबली.

"मुकिंदा," बाई दातओठ खात म्हणाल्या, "तू माणसांशी बोलूच नकोस. उद्या साळूबाईचं ऑपरेशन आहे. तू फक्त एक कर. काढलेलं काहीही टाकायचं नाही. बाटलीतल्या औषधाच्या पाण्यात घालायचं, वर चिठ्ठी लावायची आणि खालच्या मजल्यावर जिरगे डॉक्टरांच्या लॅबमध्ये तपासणीला द्यायचं."

"काहीही टाकायचं नाही," मुकिंदा म्हणाला.

ऑपरेशनआधी साळूबाईनं मंगळसूत्र काढलं. गेलं बाटलीत. बांगड्या काढल्या. बाटलीत. दातांची कवळी काढली. तीही बाटलीत. तिच्या नवऱ्यानं, तात्यानं, दाराशी चपला काढल्या. त्यांना मोठी बरणी लागली. सगळ्यांत शेवटी सिस्टरनं पॉलिप दिला, तोही गेला.

साळूबाई शुद्धीवर आली. "माझे दात कुथंयत?"

"तपासणीला. काळजी करू नका मावशी, बहुतेक साधेच निघतील."

तात्या अनवाणी नाचायला लागला. जिरगे डॉक्टर स्वतः बरणी घेऊन वर आले. "आरेकरबाई, पॉलिप साधा आहे, काही भीती नाही. पण चपलेचा रिपोर्ट मी लिहायचा कसा?"

साळूबाई सुटली. मुकिंदा अडकला.

बाई ओरडल्या, "अरे शहाण्या! अंगावरचं नाही, अंगातून निघेल ते! गर्भाशयातून काढलेलं काहीही असो, तपासणी झाल्याशिवाय घरी जायचं नाही!"

"आता नीट कळलं," मुकिंदा म्हणाला. आणि त्याला खरंच वाटलं, की कळलं.

त्याच आठवड्यात केसरला कळा लागल्या आणि गजराबाई तिला याच दवाखान्यात घेऊन आल्या. बाळ आडवं होतं. सिझर करावं लागलं. मुकिंदा दाराबाहेर देवाचं नाव घेत उभा होता. सिस्टर हसत बाहेर आली आणि बाळ त्याच्या हातात दिलं. "घ्या, मुलगा! वेळेत काढला म्हणून बरं."

मुकिंदाचे डोळे भरून आले. त्यानं लेकाचा मुका घेतला. मग डोळे पुसून बाटली शोधली. बाळ मावेना. बरणीतही मावेना. म्हणून त्यानं बाळाला टोपलीत ठेवून वर चिठ्ठी लावली: 'गर्भाशयातून काढलं. रंग गुलाबी. हालचाल फार. साधं की धोक्याचं, कळवावे.'

टोपली घेऊन स्वारी लॅबमध्ये गेली. टोपली टेबलावर ठेवून परत वरही आली.

"बाळ कुठंय?" केसरच्या खाटेशी बसलेल्या गजराबाईंनी विचारलं.

"तपासणीला दिलंय. रिपोर्ट आला की घरी न्यायचं."

गजराबाई किंचाळल्या. तेवढ्यात जिरगे डॉक्टर बाळाला छातीशी धरून जिना चढून आले. बाळ मजेत अंगठा चोखत होतं. डॉक्टरांनी रिपोर्टही आणला होता: 'बाळ ठणठणीत. बापाला मात्र ताबडतोब तपासणीला पाठवा.'

"बघितलंस केसर?" गजराबाई कडाडल्या. "माझी लेक आणि नातू या माणसाच्या घरी जाणार नाहीत. कधीच नाहीत!"

केसर रडायला लागली. मुकिंदानं तिचे डोळे पुसले. पण कागदावर लिहिलेलं म्हणजे लिहिलेलं. त्यानं स्वतःच्या छातीवर चिठ्ठी चिकटवली आणि डॉक्टरांच्या मागोमाग खाली गेला.

"आता काय?" डॉक्टर म्हणाले.

"तपासणीला आलोय. बाटलीत मावलो नाही, म्हणून असाच आलो."

डॉक्टर हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग त्यांनी डोळे पुसले आणि या वेड्याची दया येऊन सही-शिक्क्यानिशी रिपोर्ट लिहिला. मुकिंदानं तो नेऊन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

'साधा आहे. धोका नाही. परंतु पुन्हा पुन्हा उद्भवतो. घरच्यांनी नजर ठेवावी.'

गजराबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. डॉक्टरच धोका नाही म्हणतात, तर आता काय बोलणार! "ठीक आहे. न्या लेकीला आणि नातवाला," त्या म्हणाल्या. मुकिंदानं आनंदानं टाळीच वाजवली.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली तशी केसर बाळाला घेऊन टांग्यात बसली. मागून गजराबाई आपली ट्रंक, वळकटी आणि पानाचा डबा घेऊन चढल्या.

"सासूबाई, तुम्ही कुठं?"

"नजर ठेवायला."

"किती दिवस?"

"रिपोर्टात दिवस लिहिलेत का, जावईबापू?"

मुकिंदानं रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. "नाही लिहिले."

"मग जन्मभर," गजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पान लावायला घेतलं.