तांबूची हवा कुणी अडवली?

चूक आप्पांची होती.
सगळी त्यांचीच. ते मोठे, म्हणून घरात कुणी बोललं नाही. आपण बोलू.

दुपारी आप्पांनी खिडकी लावली. खट्!
दार लावलं. धाड्!
कानटोपी घातली. शाल पांघरली. वर मफलर गुंडाळला. नाकावरून, तोंडावरून, गरागरा गरागरा.
नात इरा म्हणाली, "आप्पा, उकडतंय हो!"
आप्पा म्हणाले, "तुला काय कळतंय? वारं बाधतं!"
आणि खुर्चीत बसून झोपले. घुर्रर्र... फुस्स.
शालीबाहेर राहिला फक्त पायाचा अंगठा.

आप्पांच्या अंगात रक्त. रक्तात तांबू.
तांबू इवलासा. लाल लाल. मधे दाबलेल्या पेढ्यासारखा.
तांबूचं काम एकच. पाठीवर हवेचा फुगा घ्यायचा आणि अंगठ्याला नेऊन द्यायचा.
आज पाठीवर फुगाच नाही!
अंगठा रडला, "तांबू रे, माझी हवा कुठंय? मी निळा पडलो!"
"थांब हं, आणतो!"

हृदयानं ढकललं, धक् धक्. तांबू निघाला, बुळुक बुळुक.
फुप्फुसाकडे आला.
"फुप्फुसकाका, फुप्फुसकाका, हवा द्या.
अंगठ्याला हवा मिळेना!"
फुप्फुस म्हणालं, "मी नाही देणार जा! आधी नाक ओढू दे, मग मी देतो."

धक् धक्, बुळुक बुळुक. तांबू नाकाकडे आला.
"नाकआत्या, नाकआत्या, हवा ओढ.
फुप्फुस देईना,
अंगठ्याला हवा मिळेना!"
नाक म्हणालं, "मी नाही ओढणार जा! माझ्या नाकपुड्यांत लोकर जातेय. आधी हात मफलर काढू दे, मग मी ओढते."

धक् धक्, बुळुक बुळुक. तांबू हाताकडे आला.
"हातदादा, हातदादा, मफलर काढ.
नाक ओढेना,
फुप्फुस देईना,
अंगठ्याला हवा मिळेना!"
हात म्हणाला, "मी नाही काढणार जा! मी मनानं काही करत नाही. आधी मेंदू सांगू दे, मग मी काढतो."

धक् धक्, बुळुक बुळुक. तांबू वर चढला. मेंदूकडे आला.
"मेंदूआजोबा, मेंदूआजोबा, हाताला सांगा.
हात हलेना,
नाक ओढेना,
फुप्फुस देईना,
अंगठ्याला हवा मिळेना!"
मेंदू म्हणाला, "मी नाही सांगणार जा! मी झोपलोय."
"झोपलाय, तर बोलताय कसे?"
"मोठ्यांना उलट बोलतोस? आधी कुणीतरी मला उठवू दे, मग मी सांगतो."

तांबू खाली आला. हळू हळू. रिकामा रिकामा.
अंगठा आणखी निळा. आणखी गार.
"आणलीस हवा?"
"नाही रे. सगळे म्हणतात, आधी तो, आधी तो."
तेवढ्यात अंगाबाहेर आवाज झाला. गुंऽऽऽ!
खिडकी बंद. दार बंद. खोलीत कोंडली होती डासमावशी! तीही चिडलेली.
अंगठ्यावर बसली. टप्.
तांबू आतून ओरडला,
"डासमावशी, डासमावशी, आप्पांना चाव.
मेंदू उठेना,
हात हलेना,
नाक ओढेना,
फुप्फुस देईना,
अंगठ्याला हवा मिळेना!"
मावशी म्हणाली, "चावते की! लगेच चावते! पण थेंबभर रक्त पिणार."
तांबू घाबरला. "त्या थेंबात मीच आलो तर?"
"तर आलास. मी काय चाळणी लावून पिते?"
तांबूनं अंगठ्याकडे पाहिलं. निळा निळा, गार गार.
तांबूनं डोळे मिटले. शिरेच्या भिंतीला घट्ट चिकटला.
"चाव!"

कच्च!

मावशी चावली.
मेंदू उठला. "अयाईऽऽ!" म्हणायला गेला, तर तोंडावर मफलर! नुसतंच "उम्म्म उम्म्म!"
मेंदूनं हाताला सांगितलं.
हातानं मफलर काढला. फर्रर्र! मग निघालं, "अयाईऽऽ!" वर मावशीला हाकलायला खिडकीही उघडली. खट्!
मावशी गेली. गुंऽऽऽ!
इरा हसली, "आप्पा, केवढं ओरडताय!"
नाकानं हवा ओढली. सूंऽऽऽ!
फुप्फुस फुगलं. टम्म!
आणि तांबू? तांबू भिंतीलाच होता! बुळुक बुळुक पळाला. फुप्फुसानं दिला त्याला हवेचा फुगा. तांबू झाला लालचुटूक.
धक् धक्, बुळुक बुळुक, धक् धक्, बुळुक बुळुक...
"अंगठ्या, घे तुझी हवा!"
अंगठा गुलाबी झाला. वळवळ वळवळ हलला.

आप्पांचं मात्र थेंबभर रक्त गेलं.