गढीची खरी वंशावळ

एका गावात एक जुनी दगडी गढी होती, आणि तिच्या मालकालाच तिच्या इतिहासाची लाज वाटत असे.

मालकाचे नाव सर्जेराव. गढीला चार बुरूज होते आणि सागवानी दरवाजा होता. पाहणाऱ्याला वाटे, इथे पिढ्यान् पिढ्या सरदारच राहत असणार. सर्जेराव कोणाचाही तो समज दूर करीत नसत.

दर सुगीला त्या गावात शिद्राम हेळवी येई. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस. तो दारासमोर बैल थांबवी आणि बैलावर बसूनच त्या घराच्या पिढ्या सांगे. मग घरधनीण त्याला सुपाने धान्य घाली. त्या धान्यावर त्याच्या घरची पाच माणसे वर्षभर जगत.

एका वर्षी सर्जेरावांच्या लेकीला, चंद्राक्काला, पाहायला मोठ्या घरचे पाहुणे यायचे होते. त्यांनी आधीच कळवले होते, की घराण्याची माहिती आम्ही हेळव्याच्या तोंडूनच ऐकू. आदल्या दिवशी सर्जेरावांनी शिद्रामला बोलावले.

“उद्या सांगायचं, ही गढी आमच्या पूर्वजांनी बांधली. राजानं त्यांना मानाची तलवार दिली होती.”

“कुठल्या राजानं?”

“कुठलाही घाल. तुला काय, राजे पाठच आहेत.”

“राजे पुष्कळ आहेत, मालक. पण तुमच्या घरात त्यांतल्या एकाचीही तलवार नाही.”

सर्जेरावांचा चेहरा उतरला. “पाच पोती जोंधळा देतो. पण उद्या वेडंवाकडं बोललास, तर या गावात तुला कोणी मूठभर धान्य घालणार नाही.”

शिद्राम निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे ओसरीवर बसले. चंद्राक्का दाराशी उभी होती. शिद्रामने बैल अंगणात आणला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

“ही गढी अंताजी देसायांनी बांधली. विहिरीला पाणी लागेपर्यंत त्यांनी भिंतीचा दगड ठेवला नाही. त्यांच्या लेकानं बुरूज चढवले. नातवाची बायको उमाबाई. पुढं प्लेग आला. गाव रानात झोपड्या घालून राहिलं. उमाबाईंना गाठ आली, तशी पोटची पोरं त्यांना इथंच टाकून गेली. राहिला एकटा धोंडी. तो त्यांचे घोडे धूत होता. त्यानं त्यांना पाणी पाजलं, पेज भरवली. त्या वाचल्या. मरताना त्यांनी गढी धोंडीच्या नावानं लिहून दिली. धोंडीचा कुसाजी, कुसाजीचे सर्जेराव.”

पाहुण्यांतल्या, नवऱ्या मुलाच्या चुलत्याने पानाचे तबक बाजूला सारले. “म्हणजे तुमचे आजोबा घोडे धूत होते म्हणायचे?”

सर्जेराव खाली पाहू लागले.

“होय,” दारातून चंद्राक्का म्हणाली. “माझे पणजोबा घोडे धूत होते.”

“तुला कोणी विचारलं, पोरी?” चुलता म्हणाला.

“माझं लग्न आहे, काका. मला विचारायला हवं होतं.” ती उंबरठा ओलांडून पुढे आली. “ज्यांनी आईला टाकलं, त्यांचं नाव आम्हाला नको. जो तिच्याजवळ थांबला, त्याचं नाव हवं. ते ज्यांना चालत नसेल, त्यांनी चहा घेऊन जावं.”

पाहुणे चहाही न घेता गेले.

सर्जेराव रागाने शिद्रामकडे वळले. “उद्यापासून तुझा बैल या गावात दिसता कामा नये.”

“नाही दिसणार, मालक,” शिद्राम म्हणाला. “मी पायी येईन.”

गढीच्या धाकाने त्या वर्षी कोणीच त्याला धान्य घातले नाही. आयाबाया दार लोटून घेत. घर चालवण्यासाठी त्याला बैल विकावा लागला.

पुढच्या सुगीला शिद्राम खरोखरच पायी आला. हेळवी पायी आलेला गावाने कधी पाहिला नव्हता. तो गढीसमोर रस्त्यातच उभा राहिला आणि अंताजी देसायांपासून एकही शब्द न गाळता त्याने सारे सांगितले. लोक कामे टाकून जमले. दरवाजा उघडला. चंद्राक्का जोंधळ्याने भरलेले सूप घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांसमोर तिने ते त्याच्या झोळीत रिकामे केले. ते पाहून दुसऱ्या बायकाही घराकडे वळल्या आणि आपापली सुपे घेऊन आल्या.

वरच्या खिडकीत सर्जेराव उभे होते. त्यांनी कोणाला अडवले नाही.

हेळव्याच्या वंशावळीत लेकींची नावे घेत नाहीत. शिद्रामच्या बापाने आणि आजानेही कधी घेतली नव्हती. शिद्रामने झोळी खांद्याला लावली, घसा साफ केला आणि शेवटची ओळ पुन्हा म्हटली.

“धोंडीचा कुसाजी, कुसाजीचे सर्जेराव, सर्जेरावांची चंद्राक्का.”

तात्पर्य: ज्यांच्या कष्टाने आणि मायेने घर उभे राहते, त्यांची नावे लपवायला सांगणारा कितीही मोठा असला, तरी त्याच्या तोंडावर खरे सांगावे, त्यासाठी सोसावे लागले तरी सांगावे.