उत्रेश्वररावांनी सिबिल सुधारलं

एका गावात एक भोळा नवरा होता. होता कसला, होते म्हणायला हवं. माझेच ते. नाव उत्रेश्वर. सांगितलेलं जसंच्या तसं करायचे. लग्नाला चार महिने झाले होते, आणि त्या घरात शहाणं माणूस एकच आहे असं मला वाटायचं. ते माणूस म्हणजे मी.

मला मिरची कांडपाचं यंत्र हवं होतं. गावातल्या बायका तिखट कुटायला तालुक्याला जायच्या. यंत्र दारात आलं नाही, तर यांना पुण्याला वॉचमन म्हणून पाठवायचं असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. तिथं कुणी यांना "दार सोडू नको" म्हटलं असतं, तर हे दिवाळीलाही घरी आले नसते.

यंत्र नव्वद हजारांचं. आम्ही बँकेत गेलो. कुलथेसाहेबांनी संगणकात पाहिलं आणि चष्मा काढला.

"सिबिल फार खराब आहे. मोबाइलचे सहा हप्ते थकलेत. वसुलीचे फोन आले नाहीत का?"

"दर महिन्याला आले," हे ताठ मानेनं म्हणाले. "पण फोनवर कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

साहेबांनी मागं वळून भिंत वाचली.

"आधी थकलेलं भरा," ते म्हणाले. "आणि यापुढं कुणी मागायची वाट बघू नका. द्यायचं ते तारखेच्या आधी नेऊन द्या."

हप्ते त्याच दिवशी भरले. मला वाटलं, झालं काम.

पुढच्या आठवड्यात यांचे चुलते महादूतात्या आजारी पडले. हे भेटायला गेले ते दुखवट्यात द्यायची टॉवेल-टोपी घेऊनच. तात्या खाटेवर चहा पीत होते. यांनी जाऊन तात्यांच्या मुलाला टोपी घातली.

"हे काय रे?" तात्यांनी विचारलं.

"तारखेच्या आधी आणून दिलं, तात्या. मागून धावपळ नको."

तात्या आठ दिवसांत पहिल्यांदाच उठून उभे राहिले. काठी घेऊन.

काकूंनी यांना कसंबसं दाराबाहेर काढलं. "अरे येड्या, काही करायच्या आधी चार दारी विचारावं! खात्री झाली की मग पाऊल टाकावं!"

हे तसेच विचारायला निघाले. चार नाही, अकरा दारी. बँका, पतसंस्था, फायनान्सवाले. प्रत्येकाला आधार-पॅन दिलं, अर्ज भरला आणि विचारलं, "मला कर्ज मिळेल का?" अकरा जणांनी संगणकात पाहिलं. अकरा वेळा सिबिल उतरलं.

कुलथेसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, प्रत्येक अर्जाला ते घसरतं! आता सहा महिने कुठंही काही विचारू नका!"

पंचमीला मी माहेरी गेले होते. हे मला न्यायला आले. माझ्या गावी ते एकदाच आले होते, लग्नात, आणि तेव्हा डोळ्यांवर मुंडावळ्या होत्या. घर ठाऊक नव्हतं. विचारायचं नव्हतं. दारात रांगोळी दिसली त्या घरात शिरले आणि बसले.

तिथं मुलगी दाखवायची होती. मुलाची वाट बघत होते. यांना पोहे आले. यांनी खाल्ले. आग्रह झाला, आणखी दोन बशा खाल्ल्या. मुलीचे वडील हळूच बायकोला म्हणाले, "पोरगा फार गुणाचा. देण्याघेण्याचं एका शब्दानं विचारत नाही!"

यांना जवळजवळ पसंत केलं होतं. तेवढ्यात खरा मुलगा आला. माझ्या भावानं जाऊन यांना सोडवून आणलं.

परतताना बसमध्ये मी समजावलं. शहाणी ना मी. "अहो, परक्या ठिकाणी कितीही आग्रह झाला तरी सगळं घेऊ नये. तिसरा हिस्सा घ्यावा, आणि पोट भरलं म्हणून हात जोडावेत."

"बरं," हे म्हणाले. वाटभर पाठ करत राहिले.

पुढं सहा महिने यांनी कुणाला काही विचारलं नाही. सिबिल चढलं. उन्हाळ्याच्या तोंडावर, मिरचीचा हंगाम लागतानाच कुलथेसाहेबांचा फोन आला, "नव्वद हजार मंजूर. सही करून जा."

हे गेले. मी गल्लीभर सांगून साठ किलो मिरची गोळा केली आणि ओवाळायला ताट केलं. सासरेही कौतुकानं दारात येऊन उभे राहिले.

संध्याकाळी टेम्पो आला. टेम्पोतून चार लोखंडी पाय उतरले. त्यावर एक चौकट. बस्स.

"मोटर?" मी विचारलं. "मुसळं?"

"तिसात एवढंच आलं," हे म्हणाले.

"साहेबांनी नव्वद दिले ना?"

"देत होते की. तीनदा आग्रह केला. पार हाताला धरून. पण मी तीसच घेतले, हात जोडले आणि सांगितलं, पोट भरलं." मग माझ्याकडं वळून प्रेमानं म्हणाले, "विचारत होते, एवढं चांगलं वळण लावलं कुणी? तुझं नाव सांगून आलो."