सारख्या वजनाचे दोन नंदी

"केरबा, तान्ह्या पोळ्याला माझ्या नंदीला हरवेल असा नंदी करून आण!" कोसमगढचा राजा चंद्रभान म्हणाला. "पण तो हुबेहूब माझ्या नंदीसारखा हवा. त्याच खोडाचं लाकूड, तशीच चाकं, तेवढंच वजन. नाहीतर लोक म्हणतील, लाकूड चांगलं होतं म्हणून जिंकला."

केरबा सुतारानं हात जोडले. "महाराज, सारं सारखं असलं तं दोघंबी संगंच येतीन ना जी!"

"बरोबरीनं आला तरी तू हरलास. मग तुझा वाकस, रंधा, पटाशी, सगळी हत्यारं सरकारजमा! आणि तुम्ही बापलेकींनी माझ्या नंदीला बोटसुद्धा लावायचं नाही. समजलं?"

केरबाला समजलं. हत्यारं गेली की पोट गेलं, एवढंच त्याला समजलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांचे लाकडी बैल दोरीनं ओढत घरोघरी नेतात, तो तान्हा पोळा. कोसमगढात मात्र हा खेळ पोरांच्या हाती कधी लागलाच नाही. गढीच्या दरवाजापासून खालच्या मैदानापर्यंत मोठा उतार होता. त्यावर दरबारी मंडळी आपापले नंदी सोडत. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, उतार नेईल तसं जायचं. पहिला नंदी दरवर्षी राजाचाच येई. गेल्या वर्षी सेनापतींचा नंदी चुकून पुढे जाऊ लागला, तेव्हा सेनापती धावत जाऊन स्वतःच्याच नंदीपुढे आडवे पडले. दरबारात त्यांच्या शौर्याची फार वाहवा झाली. राजाला मात्र या जिंकण्याचा वीट आला होता, आणि वीट आलेल्या राजाइतका ताप दुसरा नाही.

केरबा घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची लेक हौसा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, तुमी नंदी करा. रतीभर फरक नका ठेवू. चाकाच्या आसाले जवसाचं तेलबी तेवढंच लावा."

"आन मंग? जिंकन कसा तो?"

"ते माह्यावर सोडा. भाकर खाऊन घ्या पह्यले."

पोळ्याच्या दिवशी दोन्ही नंदी दरबारात तोलले. तराजूची दांडी जराही हलली नाही. राजा खूश झाला. केरबाला घाम फुटला. हौसा मात्र दिवाणजींपुढे जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "दिवाणजी, उद्या महाराजांच्या नंदीच्या पूजेचा पह्यला मान कोनाचा जी?"

दिवाणजींनी यावर आजवर विचारच केला नव्हता. "माझा! अर्थात माझा!" ते म्हणाले.

शेजारीच राजपुरोहित, सेनापती आणि खजिनदार उभे होते. तिघांनीही ते ऐकलं. हौसा घरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी राजा निकाल बघायला खाली मैदानात बसला, आणि वर दरवाजापाशी त्याच्या नंदीभोवती ही गर्दी उसळली! पोळ्याला बैलाचे पाय धुवायचे असतात. या नंदीला पायांच्या जागी चाकं होती. तेव्हा राजपुरोहितांनी चारही चाकांवर पंचामृत ओतलं. मध आसात उतरला. दिवाणजींनी मुठी भरभरून अक्षता वाहिल्या, त्या मधाला चिकटल्या. सेनापतींनी जमिनीला टेकणारी मखमली झूल घातली, कारण आखूड झूल घातली असती तर राजनिष्ठाही आखूड दिसली असती. खजिनदारांनी पुरणपोळी भरवली. नंदी तोंड उघडेना, म्हणून त्यांनी ती भक्तिभावानं पुढच्या चाकाखाली सरकवली. दुसऱ्यानं वाहिलेलं पुसून काढायची कुणाची छाती होणार?

"पोरी, तुझ्या नंदीची पूजा नाही करायची?" राजपुरोहितांनी विचारलं.

"आदी काम करू द्या जी त्याले, मंग निवद!"

नगारा वाजला. दोन्ही नंदींपुढची आडवी फळी उचलली. हौसाचा नंदी सुसाट निघाला. सेनापती सवयीनं आडवे पडायला धावले, पण तोवर तो पार खाली पोचला होता. राजाचा नंदी हातभर पुढे आला, झूल चाकात गुंतली, आणि तो तिथंच घट्ट उभा राहिला.

राजा ताडताड चालत उतार चढून वर आला.

"दगा! काल तराजूत दोन्ही सारखे होते! खरं सांग पोरी, माझ्या नंदीला हात लावलास?"

"नाई जी महाराज!" हौसा म्हणाली. "साऱ्या कोसमगढात त्याले हात न लावनारे आमी बापलेकच! बाकीच्यायले इचारा!"

राजानं दरबाराकडे पाहिलं. दरबारानं जमिनीकडे पाहिलं. राजानं झूल उचलली, चाक फिरवून पाहिलं. ते फिरेना. त्यानं आसाला बोट लावलं आणि ते चाखलं.

"मध उत्तम आहे," राजा म्हणाला, आणि एकदम खो खो हसत सुटला. हसता हसता तो उतारावरच खाली बसला. दरबारही हसू लागला, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही नका हसू!" आणि स्वतः आणखी हसला.

केरबाची हत्यारं केरबाकडेच राहिली. त्याला आनंदानं रडू आलं, ते त्यानं लपवलं नाही. हौसाला राजानं आपल्या हातातलं सोन्याचं कडं आणि गाडीभर सागवान दिलं. मग बाह्या सरसावून राजानं आपला नंदी स्वतः धुतला, आसाला तेल लावलं, आणि हौसाला म्हणाला, "चल, आता पुन्हा सोडू. कुणीही जवळ यायचं नाही!"

या खेपेला दोन्ही नंदी बरोबरीनं खाली आले. राजा आनंदानं ओरडत त्यांच्यामागे धावला.