एक्केचाळीस दुकानं

"मग बाबा, राजीनामा देऊन टाकू का?"

दर्ग्याच्या ओट्यावर बसून शहाबुद्दीनबाबा एका चादरीची उसवलेली शिवण घालत होते.

निरंजन खानोलकर आरोग्य खात्यातले अधिकारी. तंबाखूच्या ऑनलाइन विक्रीवर बंदी आणणाऱ्या नियमांचा मसुदा त्यांनी दोन वर्षं खपून लिहिला होता. त्यात एकही फट नाही, असं ते चारचौघांत सांगत. इथं येऊन बाबांनाही सांगून गेले होते. बाबा तेव्हा नुसते "बरं" म्हणाले होते.

आज तोच माणूस खांद्यातून वाकून बसला होता.

हुकूम निघाला, एक्केचाळीस दुकानं इंटरनेटवरून उतरवली. महिनाभरात तीच नव्या नावांनी उघडली. पुड्यांवर आता 'मुखवास' छापलेलं. घेणाऱ्यानं 'माझं वय अठराच्या वर आहे' या ओळीपुढे खूण केली की माल घरपोच. खानोलकरांनी तीही बंद केली. ती पुन्हा उघडली...

हे सगळं ते आवाज न चढवता सांगत होते. मग थांबले.

"परवा एक पार्सल माझ्याच घरी आलं."

बाबांची सुई थांबली.

"मुलीच्या नावानं. पंधरा वर्षांची आहे ती. कधीपासून, म्हणून विचारलं. मान खाली घालून म्हणाली, दीड वर्ष झालं."

बाबांनी सुई चादरीत खोचली.

"म्हणजे मी घरी बसून मसुदा लिहीत होतो ना बाबा, तेव्हापासून."

बाबांनी चादर बाजूला सारली.

तंबाखूपायी बाबांचा अर्धा जबडा गेला होता. त्या ऑपरेशनला बावीस वर्षं झाली, हे खानोलकरांना ठाऊक होतं. पण आज त्यांची नजर बाबांच्या हातांवर गेली. उजवा अंगठा डाव्या तळव्यावर सावकाश फिरत होता. तळवा रिकामा होता. थोड्या वेळानं बाबांनी त्यावर दोन थापट्या मारल्या... आणि एकदम मूठ मिटली.

खानोलकर बघतच राहिले.

"बाबा, तुमची तर बावीस वर्षांपूर्वीच सुटली ना?"

बाबा थकल्यासारखे हसले.

"सुटली कुठे, बेटा... आज खाल्ली नाही, एवढंच."