एक पाळणा, तीन बुवा

एका राज्यात धान्यापेक्षा गवई जास्त पिकले होते. त्यातले तिघे राजगवई: रंगनाथबुवा, केवलबुवा आणि धुंडिबुवा. शिंकायचे झाले तरी आधी गुरूंचे नाव घेऊन कानाला हात लावीत. असली माणसे!

तिथल्या राणी मृणालवतीची लेक इंदुकळा, पाच वर्षांची. एका सकाळी तिने मांत्रिकाच्या बागेतले निळे फूल खुडले आणि तिची पावले दगडाची झाली. दगड वर चढू लागला. राजवाड्यातली साळुंकी म्हणाली, "तिन्ही बुवांनी एका सुरात पाळणा म्हटला, तर शाप सुटेल. दगड डोळ्यांवर आला, की पोर गेली."

राणी लेकीला उचलून दरबारात आली. "बुवा, पाळणा म्हणा."

"म्हणू," रंगनाथबुवा म्हणाले. "आधी तंबोरे जुळू देत."

तंबोरे जुळेपर्यंत दगड गुडघ्यांवर आला.

मग मधोमध कोणी बसायचे, हा प्रश्न निघाला. कोणाचे घराणे जुने, कोणाचे गुरू थोर, सगळे उगाळून झाले. दगड कमरेवर आला. आता काय बोलायचे यांना? पोर हातची चालली आणि यांची बैठकच जमेना.

शेवटी राग ठरला, सकाळचा. तोवर ऊन डोक्यावर.

"आता हा राग गाणे म्हणजे पाप," केवलबुवा म्हणाले.

दुपारचा राग ठरवला, तंबोरे नव्याने जुळवले, तर दुपार कलली. दगड गळ्याशी आला.

"आई, मला भीती वाटते," इंदुकळा म्हणाली.

राणीने लेकीला मिठी मारली आणि रडत रडत स्वतःच पाळणा धरला. देवाने तिला सगळे दिले होते, गळा तेवढा दिला नव्हता. सूर एकीकडे, ताल भलतीकडे.

तिन्ही बुवांच्या अंगावर काटा आला.

"राणीसरकार, गंधार चुकला," धुंडिबुवा म्हणाले. "असा नव्हे, असा." आणि तो दाखवायला तिघेही एकदम गाऊ लागले. प्रहर विसरले, मधली जागा विसरले.

राणीने ते हेरले. पुढची ओळ तिने मुद्दाम बिघडवली. तिघांनी ती सुधारली. असे करता करता सबंध पाळणा तिघांच्या एका सुरात म्हणून झाला, आणि दगडाच्या खपल्या गळून पडल्या. पोर मोकळी झाली. मांत्रिकाची बाग जागीच वाळली.

"आमच्या साधनेने पाषाण पाझरला," रंगनाथबुवा म्हणाले आणि मुजऱ्याची वाट पाहत बसले.

इंदुकळा आईच्या कुशीत शिरली. "आई, पुन्हा म्हण," ती म्हणाली. "आणि यांना मधे बोलू देऊ नकोस."